उतरवाकाकांचा खांब

उतरवाकाकांचं खरं नाव घ्यायची वेळ फक्त टपालवाल्यावर यायची. बाकी सगळ्यांसाठी ते उतरवाकाका. चाळीसहून अधिक वर्षं त्यांनी तंबूंचा धंदा केला. लग्न असो, प्रदर्शन असो, नाहीतर निवडणुकीची सभा, पंचक्रोशीत तंबू यांचाच. आणि कनातीचं टोक जरा फडफडलं, दोर जरा कुरकुरला, की भर कार्यक्रमात यांची आरोळी ठरलेली: "उतरवा!" मग व्यासपीठावर कोण आहे आणि ताटात काय वाढलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. एकदा एक पुढारी "कितीही वादळं येवोत, आम्ही पाय रोवून उभे आहोत" असं हात उंचावून सांगत होता, आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावरचं छप्पर काकांची माणसं गुंडाळून नेत होती. पुढारी लालबुंद झाला. अर्ध्या तासाने असा वारा सुटला की खुर्च्या शेजारच्या शेतात जाऊन बसल्या. काका तोवर ट्रकमध्ये, घडी घातलेल्या कापडावर बसून चहा पीत होते.

लोक हसायचे, पण दुसऱ्या वेळी तंबू सांगायला यांच्याकडेच यायचे. कारण उतरवाकाकांचा तंबू पडत नाही, हे लहान मुलालाही माहीत होतं.

एकदा मात्र पडला होता. ती गोष्ट काका फारशी सांगत नसत. वडील अंथरुणाला खिळलेले, काका बावीस वर्षांचे, आणि एकट्याच्या जबाबदारीवर उभारलेला पहिलाच तंबू. दुपारी वारा वाढायला लागला. काकांना पोटातून वाटत होतं की आता उतरवावा. पण भोवतीचे जाणते म्हणाले, "अरे, झुळूक आहे, जाईल." आणि काका मूग गिळून बसले. मधला खांब आडवा झाला तो त्यांना दोर वळायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कामगाराच्या हातावर. हात वाचला, बोटं गेली. म्हातारा शेवटपर्यंत एका शब्दाने बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना आयुष्यभर वाटत राहिलं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. वारा आला की उतरवायचं. कोणाला विचारायचं नाही, कोणासाठी थांबायचं नाही.

आता टेकडीबद्दल. गावाच्या मागे एक उघडीबोडकी टेकडी आहे. ती काकांच्या वडिलांनी घेतली तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. माती वीतभर, पाण्याचा पत्ता नाही, आणि वारा असा की झुडपंसुद्धा एका अंगाला वाकून वाढलेली. पण वडिलांना तो वाराच हवा होता. तंबूवाल्याच्या धंद्यात ओलं कापड म्हणजे जिवाला घोर. दोन दिवस घडीत राहिलं की काळे डाग, आठवड्यात भोकं. टेकडीवर भिजलेलं कापड दोरीवर टाकलं की तासाभरात कुरकुरीत. इतक्या वर्षांत त्या टेकडीने दुसरं काही पिकवलं नाही. पण काकांचं एकही कापड कधी कुजलं नाही, ते तिच्यामुळेच.

वडिलांच्या मागे जमिनीच्या कागदावर दोन नावं आली: काकांचं आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचं. बहीण साठीला टेकली होती तरी घरात सगळे तिला छोटीच म्हणत. तासाभराच्या अंतरावर शहरात तिचं चष्म्याचं दुकान होतं. स्वतः नंबर काढायची, स्वतः काचा घासायची, आणि गिऱ्हाइकाला दिसत नसलेली ओळ "वाचून दाखवा" म्हणताना तिचा आवाज असा असे की माणूस घाबरून बरोबर वाचायचा. समोर दिसतं तेवढंच मानायचं, हा तिचा खाक्या.

काकांनी धंदा बंद केला, तंबू विकले, आणि टेकडीचं काय करायचं हा प्रश्न आला. छोटीकडे उत्तर तयार होतं. एका खडीवाल्याला टेकडी हवी होती. सुरुंग लावायचे, दगड फोडायचा, खडी करायची.

"दादा, आता वाळवायला तुझ्याकडे रुमालाखेरीज काही नाही," ती म्हणाली. "विकून टाकू. मला दुकान मोठं करायचंय."

"आणि टेकडी?"

"टेकडीचं काय? तिला काय दुखणार आहे?"

दुखत होतं ते काकांचं, पण ते साठीच्या बहिणीला सत्तरीच्या भावाने कसं सांगायचं? त्या टेकडीवर दोघं लहानपणी वाळत घातलेल्या कापडांमध्ये लपाछपी खेळले होते. आता तिथे रोज दुपारी सुरुंग उडणार, आणि दहा वर्षांनी टेकडीच्या जागी खड्डा असणार. काका त्या रात्री जेवले नाहीत. काकूंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "उपाशी राहून टेकडी वाचत असती तर मीही राहिले असते."

अशात एका पवनचक्की कंपनीची मुलगी आली. कंपनी लहानशी होती. गावोगावच्या लोकांकडून जमीन भाड्याने घ्यायची, दोन-तीन लहान पवनचक्क्या लावायच्या आणि आसपासच्या दूध डेअरीला, शीतगृहाला, पाण्याच्या पंपांना वीज द्यायची, असा तिचा व्यवहार. मुलगी इंजिनियर, तिशीची, बूट कायम धुळीने माखलेले, आणि केसांत खोचलेलं पेन विसरून दुसरं पेन शोधणारी. टेकडीवर उभं राहून तिने तोंडावर आलेली ओढणी बाजूला केली आणि म्हणाली, "काका, ही जागा विकू नका. वीस वर्षांसाठी आम्हाला भाड्याने द्या. तीन चक्क्या बसतील. जमीन तुमचीच राहील, खाली शेळ्या चारा, कापडं वाळवा, काय हवं ते करा."

"घ्या मग," काका म्हणाले. त्यांच्या दृष्टीने व्यवहार तिथेच पुरा झाला होता.

"एवढं सोपं नाही. आधी वर्षभर वारा मोजावा लागतो. आकडा पुरेसा आला, तरच करार."

"अगं, वारा मोजायचा कशाला? तुझी ओढणी सांगतेय की."

"माझ्या ओढणीवर बँक कर्ज देत नाही, काका."

छोटीला हे सांगितलं तेव्हा तिने चष्म्यावरून पाहिलं. भाड्याचा कागद दोनदा वाचला. वाचताना तिच्या भुवया वर गेल्या, म्हणजे कागद बरा होता. "ठीक आहे," ती म्हणाली. "एक वर्ष. आकडा आला तर मी सही करते. नाही आला तर तू खडीवाल्याच्या कागदावर करायचीस. एक दिवसही जास्त नाही." काकांनी मान हलवली. टेकडीवर वारा आहे की नाही, यावर पैज घ्यायची वेळ येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पैज जिंकल्यातच जमा होती.

मग खांब उभा राहिला. सहा मजली उंच, बारीक, चारही बाजूंनी तारांनी ताणलेला. टोकाला तीन वाट्या, वाऱ्याने गरगर फिरणाऱ्या. बुंध्याशी एक पेटी, दर दहा मिनिटांनी वाऱ्याचा वेग टिपून ठेवणारी. खांबाच्या पायाला बिजागरी होती. हाताने फिरवायच्या चरखीने तो सावकाश आडवा करता यायचा आणि पुन्हा उभा. काकांना ही युक्ती भलतीच आवडली. उभ्या आयुष्यात आपल्याकडे अशी चरखी असती तर, असं त्यांनी काकूंना तीनदा बोलून दाखवलं.

मुलीने चरखी कशी फिरवायची ते एकदा दाखवलं. "एखादी वाटी अडकली, पक्ष्याने घरटं केलं, तर खाली घेता येतो. मी लांब असते, म्हणून हँडल तुमच्याकडे ठेवते." जाताना ती जीपमधून ओरडली, "लक्ष ठेवा हं काका, महागाची वस्तू आहे!"

काकांची छाती फुगली. लक्ष ठेवा, हे त्यांना सांगायला हवं होतं का?

त्यांनी लक्ष ठेवलं. असं ठेवलं की पोटच्या पोरावरही ठेवलं नसेल. सकाळी उठले की आधी अंगणात येऊन धूळ कुठल्या बाजूला जाते ते बघायचं, पक्षी तारेवर कोणीकडे तोंड करून बसलेत ते बघायचं. वारा वाढायची चिन्हं दिसली की चहा अर्धा टाकून टेकडी चढायची. गुडघे कुरकुरायचे, काकू त्याहून जास्त. "घरातला नळ तीन महिने गळतोय," त्या म्हणायच्या. "तोही एखाद्या खांबाला लावून ठेवते, म्हणजे दिसेल तरी." काका ऐकून न ऐकल्यासारखं करत. वर पोचायचं, चरखीला हँडल लावायचं, खांब हलकेच आडवा करायचा, वाट्यांवर जुनं मऊ कापड गुंडाळायचं. वारा पडला की पुन्हा चढून उभा करायचा. दहा महिन्यांत हे त्यांनी एकेचाळीस वेळा केलं. खांबाला साधा ओरखडा आला नाही.

दहाव्या महिन्यात कंपनीची मुलगी संगणक घेऊन घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर काकूंनी भाजीची टोपली सरकवून जागा केली. मुलीचा चहा तसाच निवला.

"काका, बातमी चांगली नाही," ती शेवटी म्हणाली. "सरासरी फारच कमी आली. मुख्य कार्यालयाने जागा नापास केली आहे. मी मुद्दाम स्वतः सांगायला आले."

काकांना आधी वाटलं ती थट्टा करतेय. "कमी? या टेकडीवर? अगं, माझी टोपी या टेकडीने दोनदा नदीपार नेली आहे!"

"मलाही तेच कळत नाही." तिने पडद्यावरची रेघ दाखवली. "हे बघा. वारा चढतोय, चढतोय, चांगला जोर धरतोय, आणि ऐन जोरात येणार तोच एकदम शून्य. पाच-सहा तास शून्य. मग पुन्हा हळूहळू सुरू. एकदा नाही, चाळीसेक वेळा. असा वारा मी कुठे पाहिला नाही. यंत्र तपासलं, यंत्र ठीक आहे."

"एकेचाळीस," काका म्हणाले.

"काय एकेचाळीस?"

"एकेचाळीस वेळा. यंत्र ठीक असणारच, मी उतरवत होतो ना!" काकांचा चेहरा उजळला. कधीतरी हे कौतुक व्हायलाच हवं होतं. "वारा वाढतोय असं दिसलं की मी आधीच वर. आडवा करून, वाट्या कापडात बांधून. एक ओरखडा दाखव मला!"

मुलीने आधी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून काकू पुढे झाल्या, तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काका," ती म्हणाली, "खांब वारा मोजायला लावला होता. वाऱ्यापासून वाचवायला नव्हे."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग पडद्याकडे. शून्याची ती सपाट रेघ त्यांना आता नीट दिसली, आणि एकेक रेघ कुठल्या दिवसाची ते त्यांना सांगता आलं असतं. जगातली सगळ्यात वारेवाली टेकडी त्यांनी स्वतःच्या हातांनी, दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेचाळीस वेळा मुकी केली होती. काकू काहीतरी बोलणार होत्या, पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी भाजी निवडायला घेतली.

लाज वाटली म्हणून गप्प बसणाऱ्यांतले काका नव्हते. एकदा गप्प बसले होते, तेवढं पुरे होतं. "आता काय करता येईल ते सांग," ते म्हणाले.

मुलगी अंगणात जाऊन फोनवर पाऊण तास भांडली. परत आली तेव्हा आवाज बसला होता. वर्ष पुरं व्हायला सात आठवडे होते, आणि नशिबाने पुढे वाऱ्याचे दिवस होते. या सात आठवड्यांत खांब एक मिनिटही खाली आला नाही, तर जोराच्या वाऱ्याचे खरे आकडे मिळतील. मधल्या शून्यांच्या जागी काय धरायचं ते त्यावरून आणि जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरवता येईल. "पण एकदा जरी आडवा झाला तर मी काही करू शकणार नाही. आणि भर वाऱ्यात तो आडवा करणं उभा ठेवण्यापेक्षा धोक्याचं आहे. तेव्हा हँडल मी घेऊन जाते, काका."

काकांचा पारा चढला. "मी काय लहान मूल आहे? उद्या वाटी अडकली तर तू तीन तासांच्या अंतरावरून येणार? हात लावणार नाही म्हणालो की नाही लावणार. शब्द दिला."

मुलीने उचललेलं हँडल पुन्हा टेबलावर ठेवलं.

त्याच संध्याकाळी काकांनी छोटीला फोन करून सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा ते बरं. छोटी आधी हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. "म्हणजे टेकडी तूच बुडवलीस, दादा. माझ्याकडे बोट दाखवू नकोस. ठरलेल्या तारखेला मी खडीवाल्याचे कागद घेऊन येते."

"ये," काका म्हणाले. "पेनही आण. कुठल्या कागदावर चालवायचं ते तेव्हा बघू."

पहिले पाच आठवडे बरे गेले. वारा होता, पण माणसासारखा. काका अंगणात येरझाऱ्या घालायचे, टेकडीकडे पाठ करून बसायचे, आणि एक दिवस वैतागून त्यांनी नळसुद्धा दुरुस्त केला. काकूंनी देवाचे नव्हे, कंपनीच्या मुलीचे आभार मानले.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी धूळ जमिनीलगत सरपटायला लागली. पक्षी तारेवर नव्हतेच. काकांना चिन्हं वाचायला चष्मा लागत नसे. ही झुळूक नव्हती. त्यांनी हँडल उचललं आणि निघाले. काकू दारात आडव्या आल्या.

"शब्द दिलाय तुम्ही."

"माहितीये. नुसता बसतो त्याच्याजवळ."

"मग हँडल कशाला?"

कशाला ते खरं तर काकांनाही माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत वाऱ्याकडे रिकाम्या हाताने ते कधी गेले नव्हते.

वर पोचेपर्यंत वारा पिसाळला होता. तारा एका सुरात घुमत होत्या, वाट्या इतक्या जोरात फिरत होत्या की वाट्या दिसतच नव्हत्या, आणि खांब मधोमध किंचित वाकून पुन्हा सरळ होत होता. काका चरखीपाशी बसले. डोळ्यांसमोर दुसराच खांब, दुसरीच दुपार. त्या म्हाताऱ्याचा हात. उठावं, चरखी फिरवावी, अजून वेळ आहे, असं त्यांचं सगळं अंग ओरडून सांगत होतं. त्यांनी हँडल मांडीखाली घातलं आणि त्यावर बसले.

तासाभराने पाठीमागून हाक आली. छोटी! एका हाताने चष्मा धरून, दुसऱ्या हाताने पिशवी छातीशी कवटाळून, वाऱ्याला रेटत ती वर येत होती. खडीवाल्याचे कागद दादाने आधी वाचून घ्यावेत म्हणून आठवडाभर लवकर आली होती. काकूंनी सांगितलं की हे वर आहेत, तशी तरातरा चढून आली.

"दादा, वेड लागलंय का तुला? या वाऱ्यात इथे काय करतोयस?"

"काही नाही," काका म्हणाले. "तेच तर करतोय."

छोटी त्यांच्याशेजारी दगडाच्या आडोशाला बसली. इतक्या वर्षांत ती वाऱ्याच्या दिवसात टेकडीवर आली नव्हती. तिने खांबाकडे पाहिलं. मग तारेच्या टोकाकडे पाहिलं आणि तिची नजर तिथेच थांबली. नजर तिची बारीक. काचेवरचा केसभर चरा तिला हातभरावरून दिसायचा.

"दादा, ती खुंटी हलतेय."

काका वळले. वाऱ्याच्या बाजूच्या तारेची लोखंडी खुंटी प्रत्येक झोतासरशी मुरमातून थोडी वर येत होती. भोवतीची माती फुटली होती. ती सुटली असती तर खांब गेला, आकडे गेले, करार गेला, टेकडी गेली.

"उतरव!" छोटी किंचाळली. "दादा, उतरव तो! तुझ्या अंगावर येईल!"

आयुष्यभर ज्या शब्दासाठी तिने भावाची थट्टा केली, तोच शब्द होता. काकांचा हात हँडलवर गेलाही. आता तर निमित्तही होतं, कोणी नावं ठेवली नसती. मग त्यांनी हँडल उचललं आणि खाली दरडीकडे भिरकावलं. ते दगडांवर दोनदा वाजलं आणि दिसेनासं झालं.

"उतरवायचा नाही," ते म्हणाले. "ठोकायचं. चल, ऊठ!"

बाविसाव्या वर्षी त्यांना वारा कळला होता, पण त्या वाऱ्यात काय करायचं ते कळलं नव्हतं. आता कळत होतं. तंबूवाले सैल खुंटीला हात लावत नाहीत. तिच्या मागे, तारेच्याच रेषेत, दुसरी खुंटी तिरकी ठोकतात आणि पहिलीला दोराने तिच्याशी जखडतात. तिला पाठची खुंटी म्हणतात. खांब उभारताना उरलेली एक खुंटी पेटीजवळ पडली होती, घणही होता. दोर काकांच्या कमरेला होताच, तंबूवाल्याच्या कमरेला कधी नसतो? फक्त ठोकणाऱ्याला खुंटी धरणारं माणूस लागतं. कारण पहिले चार घाव खुंटी स्वतः उभी राहत नाही.

"धर," काका म्हणाले.

छोटीने पिशवी दगडाखाली सारली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी खुंटी धरली. डोक्यावर सुटू पाहणारी तार, समोर सत्तरीच्या माणसाच्या हातात घण, आणि वारा असा की घण उचलला की माणूसच हेलपाटायचा. "डोळे मीट," काका ओरडले. "नाही मिटणार," ती ओरडली, "मला दिसायला हवं!" पहिला घाव तिरका बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला खुंटीने मुरूम धरला. चौथ्यानंतर काका म्हणाले, "सोड," पण तिने सातव्यापर्यंत सोडली नाही. मग काकांनी दोर टाकला, पिळला, तीन वेढे घेतले आणि त्या म्हाताऱ्याने शिकवलेली गाठ मारली. पुढचा झोत आला. पहिली खुंटी हलली, दोर ताणला गेला, पाठची खुंटी जागची हलली नाही. खांब वाकला आणि सरळ झाला.

दोघं तिथेच मातीत बसली, धापा टाकत. छोटीच्या चष्म्याची एक काच तडकली होती. काकांना हसू आलं आणि मग रडूही आलं, आणि वाऱ्यात दोन्ही कोणाला ऐकू जाणार नव्हतं म्हणून त्यांनी दोन्ही येऊ दिलं. दुपारी काकूंनी खालून ताट उंच धरून हलवलं तेव्हा ते उठले, खांबाकडे पाठ केली आणि जेवायला घरी गेले.

वारा तीन दिवस घुमला. छोटीने दुकान तीन दिवस बंद ठेवलं. खांब एक मिनिटही खाली आला नाही.

वर्ष संपलं त्या दिवशी कंपनीची मुलगी आली, आणि या वेळी तिने चहा गरम असतानाच प्यायला. आकडा नुसता पुरेसा नव्हता, भरपूर होता. मुख्य कार्यालयाने हवामान केंद्राशी ताडून पाहिलं, दोनदा तपासलं आणि होकार दिला. टेबलावर कराराचे कागद पसरले. छोटीने नव्या काचेच्या चष्म्यातून ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले, दोन ठिकाणी कंपनीला शब्द बदलायला लावले, आणि सही केली. मुलीने एक कलम मोठ्याने वाचून दाखवलं: जमीनमालकाने कोणत्याही हवामानात यंत्राला हात लावू नये. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघता?" काका म्हणाले आणि सही ठोकली.

मुलगी गेल्यावर काकू कपबश्या घेऊन आत गेल्या. छोटी जागची उठली नाही. टेबलावरून बोट फिरवत बसली.

"दादा, एक सांगू? त्या दिवशी मी टेकडी चढत होते ना, तेव्हा मनात म्हणत होते, पडू दे तो खांब. पडला की सुटेल सगळं. अगदी वर पोचेपर्यंत म्हणत होते."

"माहीत होतं मला."

"कसं?"

"कागद वाचायला एवढ्या वाऱ्यात कोणी टेकडी चढत नाही. तो पडतो की नाही ते बघायला आली होतीस."

छोटीचे डोळे भरले. तिने चष्मा काढला. "माहीत होतं, तर खुंटी मला का धरायला दिलीस? मी सोडली असती तर?"

काकांनी डोकं खाजवलं. "दुसरं कोण होतं तिथे?" ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि तू म्हणत काहीही असशील गं. तुझ्या हातातलं तू सोडणार नाहीस, हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं."